एरिओकार्पस पुन्हा पुन्हा बुडातून कुजतो: कारणे, तपासणी आणि उपाय

एरिओकार्पस हा जमिनीलगत वाढणारा निवडुंग वाढवणाऱ्यांची एक तक्रार जवळपास ठरलेल्या शब्दांतच कानावर येते. रोप दोन-तीन वर्षे उत्तम स्थितीत असते, पाणी बेताने दिलेले असते, वरून कोठेही डाग दिसत नाही, आणि एके दिवशी कुंडी हलवताना रोप डुलते. हाताने उचलून पाहावे तर वरचा तारकाकृती भाग अलगद सुटून येतो आणि सोटमुळाच्या जागी तपकिरी लगदा उरलेला असतो. मग नवे रोप आणले जाते, माती बदलली जाते, पाणी आणखी कमी केले जाते, आणि एक-दोन हंगामांनी नेमके तेच घडते.

माझ्याकडचे बीपासून वाढवलेले नऊ वर्षांचे रोप असेच गेले आणि त्याच्या जागी लावलेले दुसरेही गेले. पहिल्या वेळी मी बुरशीला दोष दिला, दुसऱ्या वेळी हवेतील दमटपणाला. प्रत्येक पाण्याची तारीख वहीत लिहून ठेवू लागल्यावर मात्र एक गोष्ट स्पष्ट झाली: रोप ज्या आठवड्यात कोसळते त्या आठवड्यात चूक झालेली नसते. ती महिना-दीड महिना आधी झालेली असते आणि तोवर आपण ती विसरून गेलेलो असतो. कारण आणि लक्षण यांच्यात इतके अंतर असल्यामुळे आपण शेवटी दिसलेल्या गोष्टीवर इलाज करत राहतो, मूळ चूक जागच्या जागी राहते, आणि म्हणूनच ही समस्या पुन्हा पुन्हा उद्भवते.

पुढील विवेचन मुख्यतः एरिओकार्पस फिसुरॅटस या जातीला धरून केले आहे. या वंशातील रेट्युसस, कोचुबेयानस, अगावॉइडिस यांसारख्या जातींनाही ते बव्हंशी लागू पडते.

रोपाचा मोठा भाग आपल्याला दिसतच नाही

हा निवडुंग मूळचा चिवावा वाळवंटाचा, म्हणजे अमेरिकेतील टेक्सासच्या पश्चिम भागाचा आणि मेक्सिकोच्या उत्तरेकडील चुनखडीच्या माळांचा. जॉर्ज एंगेलमान यांनी १८५६ मध्ये त्याचे वर्णन मॅमिलारिया फिसुराटा या नावाने केले आणि कार्ल शूमान यांनी १८९४ मध्ये त्याला एरिओकार्पस वंशात आणले. प्रौढ रोपाला काटे नसतात. राखाडी-हिरवे, भेगाळलेले, त्रिकोणी उंचवटे एकमेकांना चिकटून जमिनीलगत एक चपटी तारका तयार करतात, आणि आजूबाजूच्या दगडांत ती इतकी मिसळून जाते की इंग्रजी बोलणारे लोक तिला ‘जिवंत दगड’ म्हणतात. शरद ऋतूत मधल्या लोकरीतून गुलाबी-जांभळी फुले उमलतात, तेव्हाच ती पटकन नजरेस पडते.

कुजण्याचा प्रश्न समजून घ्यायचा तर या तारकेच्या खाली काय आहे ते आधी ध्यानात घ्यावे लागते. खाली सलगमासारखे जाड, मांसल सोटमूळ असते आणि रोपाचा पाण्याचा साठा प्रामुख्याने त्यातच असतो. कोरड्या ऋतूत हे मूळ आकसते आणि वरच्या तारकेला अक्षरशः जमिनीत ओढून घेते. त्यामुळे कडक उन्हात रोपाचा फारच थोडा भाग उघडा राहतो. पाऊस पडला की मूळ फुगते आणि तारका पुन्हा वर येते. हे आकसणे आणि फुगणे हा या वनस्पतीचा नित्याचा श्वास आहे असे म्हटले तरी चालेल. कुंडीतही ती तेच करते. आपण मात्र आकसलेले रोप पाहतो आणि ते तहानलेले आहे असे समजून, नको त्या वेळी पाणी घालतो. माझी दोन्ही रोपे याच गैरसमजामुळे गेली.

आकसणे आणि कुजणे: बोटाने करायची तपासणी

वाळलेले रोप आणि कुजू लागलेले रोप वरून पाहताना सारखेच दिसू शकते, कारण दोन्हींमध्ये तारका खाली बसते आणि उंचवट्यांचा तजेला जातो. फरक बोटाला कळतो. कडेच्या एखाद्या उंचवट्यावर बोटाचे पेर हलकेच टेकवून दाबावे. कोरडेपणाने आकसलेल्या रोपाचा उंचवटा जुन्या चामड्यासारखा लागतो. तो थोडा दबतो, पण खाली काहीतरी घट्ट आहे हे जाणवते आणि बोट काढल्यावर तो पूर्ववत होतो. शिवाय हा मऊपणा सगळ्या बाजूंनी सारखा असतो. कुजण्याची सुरुवात झालेल्या रोपात एखादीच बाजू, बहुधा खालची किंवा मातीला टेकलेली, लिबलिबीत लागते. तिथला रंग किंचित पिवळसर किंवा पाणी शोषलेल्या कागदासारखा होतो, आणि दाबाची खूण तशीच राहते.

दुसरी तपासणी रोप हलवून करायची. तारकेच्या दोन बाजूंना अंगठा आणि तर्जनी ठेवून अगदी हलका पीळ द्यावा. जिवंत सोटमूळ असलेले रोप कुंडीसकट फिरू पाहते. मूळ गेलेले रोप मातीत सैल फिरते. हा पीळ महिन्यातून एकदा देऊन पाहण्याची सवय ठेवली, तर बऱ्याच रोपांचे कुजणे तारकेपर्यंत पोहोचण्याआधी लक्षात येते.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. वाढीच्या दिवसांत पाणी दिल्यावर आकसलेले निरोगी रोप आठवड्या-दीड आठवड्यात फुगायला हवे. फुगले नाही, तर त्याचा अर्थ पाणी कमी पडले असा नसून ते पाणी ओढून घेणारी बारीक मुळे उरलेली नाहीत असा असतो. अशा वेळी दुसरे पाणी देणे म्हणजे, ज्याला पिता येत नाही त्याला पाण्यात बुडवून ठेवणे. दुसरे पाणी न देता रोप कुंडीतून बाहेर काढावे.

बाहेर काढल्यावर काय पाहावे

माती पूर्ण कोरडी असताना कुंडी आडवी करून रोप सोडवावे, मूळ ओढून काढू नये. माती बोटांनी आणि मऊ ब्रशने झाडून घ्यावी. या टप्प्यावर पाण्याने धुऊ नये, कारण मुळावर जखम असेल तर पाणी तिच्यातून आत शिरते. निरोगी सोटमूळ बाहेरून फिकट तपकिरी, सुरकुतलेले आणि दाबल्यावर टणक असते. नखाने एखादी बारीक खरवड काढली तर आत पांढरट किंवा मलईच्या रंगाचा गर दिसतो. कुजलेल्या भागाची साल पोकळ पिशवीसारखी सरकते, आत नारिंगी-तपकिरी लगदा असतो आणि बऱ्याचदा आंबूस वास येतो.

मूळ टणक आहे पण त्यावर पांढऱ्या पिठासारखे ठिपके किंवा कापसासारखे पुंजके आहेत, असे आढळले तर प्रश्न वेगळा आहे. ते मुळांवरचे पिठ्या ढेकूण असतात. ते रस शोषतात, बारीक मुळे मारतात आणि त्यांनी केलेल्या जखमांतून पुढे कुज शिरते, म्हणून निव्वळ कुज समजून कापाकापी केली आणि ढेकूण मातीतच राहिले तर समस्या परत येणारच. अशा वेळी सगळी माती टाकून द्यावी, कुंडी गरम पाण्याने धुवावी, मूळ साबणाच्या सौम्य पाण्याने स्वच्छ करून पूर्ण वाळवावे, आणि नव्या मातीत लावल्यानंतर काही आठवड्यांनी पुन्हा एकदा तपासावे. शेजारच्या कुंड्याही पाहाव्यात, कारण ढेकूण एका कुंडीच्या बुडातून दुसरीत सहज जातात.

कुजलेले रोप वाचवणे

कुज सोटमुळातच असेल आणि तारकेच्या मध्यापर्यंत गेली नसेल, तर रोप बहुधा वाचते. धारदार ब्लेड स्पिरिटने पुसून घ्यावे आणि मूळ खालून वर चकत्या करत कापत जावे. प्रत्येक कापानंतर ब्लेड पुन्हा पुसणे अत्यावश्यक आहे. ते न केल्यास बुरशी आपणच स्वतःच्या हाताने निरोगी गरात नेतो. कापलेल्या तोंडाकडे नीट पाहावे. गर पांढरा दिसला म्हणून थांबू नये. मध्यभागी वाहिन्यांचे एक वलय असते, त्यात एखादाही तांबूस ठिपका दिसला तर कुज त्या वाटेने पुढे गेलेली आहे, आणि आणखी एक चकती काढावी लागते. गर सर्वत्र एकसारखा मलईच्या रंगाचा झाला की दोन-तीन मिलिमीटर आणखी कापून थांबावे. कधीकधी असे करता करता सगळे मूळ संपते आणि हातात केवळ तारका उरते. तरीही आशा सोडण्याचे कारण नाही, कारण वाहिन्यांच्या त्या वलयातून नवी मुळे फुटू शकतात, फक्त त्याला वेळ फार लागतो.

कापताना एक चिकट रस सुटतो. मेक्सिकोत हा रस फुटलेली मातीची भांडी चिकटवण्यासाठी पूर्वापार वापरला जातो, यावरून त्याच्या चिकटपणाची कल्पना यावी. या रसामुळे कापलेले तोंड वरून लवकर वाळलेले दिसते, पण आत ओल टिकून राहते. इतर निवडुंगांच्या अनुभवावरून आठवड्याभरात रोप लावण्याची घाई केली की नेमका इथेच घात होतो. छोट्या कापासाठी दोन ते तीन आठवडे आणि रुंद कापासाठी एक ते दीड महिना रोप सावलीत, हवा खेळत असेल अशा जागी, कापलेले तोंड कशालाही टेकणार नाही अशा रीतीने ठेवावे. मी ते रिकाम्या छोट्या कुंडीच्या काठावर तारका टेकवून ठेवतो, म्हणजे खालून वारा लागतो. तोंडावर कडक, किंचित आत ओढली गेलेली खपली आली की ते तयार झाले असे समजावे.

कापावर गंधकाची भुकटी किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड लावणे योग्यच आहे, परंतु त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते स्पष्ट असावे. ही द्रव्ये पृष्ठभागाचे रक्षण करतात. आत शिरलेली कुज त्यांच्याने बरी होत नाही. कुंडीत बुरशीनाशकाचे पाणी ओतून रोप वाचवण्याचा प्रयत्न तर उलटाच ठरतो, कारण कुजणाऱ्या मुळाला त्या क्षणी पाण्याचा एक थेंबही नको असतो.

समस्या परत का येते: माती

रोप वाचवल्यानंतर ते पुन्हा त्याच प्रकारच्या मातीत गेले, तर पुढच्या हंगामात आपण पुन्हा ब्लेड हातात घेऊन बसलेले असतो. ‘कॅक्टसची माती’ म्हणून मिळणारे बहुतेक मिश्रण या वनस्पतीसाठी फार ओलावा धरणारे असते. त्यात कोकोपीट किंवा पीटचे प्रमाण जास्त असते, आणि ते वरून कोरडे झाले तरी सोटमुळाभोवती आठ-दहा दिवस ओले राहू शकते.

मिश्रणात खनिज खड्यांचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास असावे, असे माझे मत अनेक प्रयोगांनंतर बनले आहे. प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड), लाव्हाचे खडे, भरड वाळू, बारीक दगडी खडी यांपैकी जे उपलब्ध असेल ते चालते. उरलेले दहा टक्के चांगले मुरलेले, चाळलेले खत पुरते. चुनखडीचे खडे घालावेत की नाही यावर बरीच चर्चा होते. ही जात मूळ अधिवासात चुनखडीवर वाढते हे खरे असले, तरी माझ्या पाहण्यात कुज होणे न होणे चुनखडीवर अवलंबून नाही. ते खड्यांच्या आकारावर अवलंबून आहे, आणि इथे थोडे थांबून कारण समजून घेणे योग्य होईल.

कुंडीत पाणी घातल्यावर जास्तीचे पाणी खालून निघून जाते, पण सगळे जात नाही. कुंडीच्या तळाशी काही उंचीपर्यंत माती पूर्ण भिजलेली राहते, कारण कणांमधल्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात. या भिजलेल्या थराची जाडी कुंडीच्या उंचीवर नव्हे, तर कणांच्या बारीकपणावर ठरते. कण जितके बारीक, तितका थर जाड. म्हणूनच खड्यांमधली धूळ फार घातक असते. उत्तम प्युमिस घेतले पण ते न चाळता वापरले, तर पाण्याबरोबर धूळ खाली बसते आणि तळाशी गाळाचा गिलावा तयार होतो. सोटमुळाचे टोक नेमके तिथेच पोहोचलेले असते. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक सगळे चाळून टाकावे, दोन ते पाच मिलिमीटरचे ठेवावे, आणि ते वापरण्यापूर्वी पाणी नितळ येईपर्यंत धुवावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण यातून जेवढा लाभ होतो तेवढा कोणत्याही औषधाने होत नाही.

यातूनच आणखी दोन गोष्टी निघतात. तळाशी मोठ्या दगडांचा थर घातल्याने निचरा सुधारतो, ही समजूत चुकीची आहे. बारीक मातीतले पाणी मोठ्या दगडांत सहजासहजी उतरत नाही. भिजलेला थर फक्त दगडांच्या वर सरकतो आणि मुळाच्या अधिक जवळ येतो. तेव्हा बुडापासून काठापर्यंत एकच मिश्रण भरावे. दुसरे असे की, भिजलेल्या थराची जाडी कायम असल्यामुळे उथळ कुंडीत मूळ त्या थरात बुडते आणि खोल कुंडीत ते त्याच्या वर राहते. सोटमुळाच्या टोकाखाली निदान तीन-चार सेंटिमीटर जागा उरेल इतकी खोल, पण तारकेभोवती जेमतेम दोन बोटे मोकळी राहतील इतकीच रुंद कुंडी घ्यावी. रुंद कुंडीत मुळे नसलेली बरीच माती असते आणि ती वाळायला फार वेळ घेते.

रोप बसवताना मान, म्हणजे मूळ आणि तारका यांचा सांधा, मातीत पुरू नये. मानेभोवती दोन सेंटिमीटर जाडीचा निव्वळ खडीचा थर द्यावा. निसर्गात हा निवडुंग जमिनीत रुतलेला दिसतो म्हणून कुंडीतही तसाच पुरणारे अनेक जण आहेत. निसर्गात मात्र मानेभोवती दगडांचा चुरा असतो आणि तो पावसानंतर काही तासांत सुकतो. खतमिश्रित मातीत पुरलेल्या मानेची स्थिती तशी नसते.

पाणी: किती यापेक्षा केव्हा

चिवावा वाळवंटात पडणारा बहुतांश पाऊस उन्हाळ्यात आणि त्याच्या उत्तरार्धात पडतो, आणि रोप त्यानंतर शरदात फुलते. कडक थंडी कोरडी असते. या चक्राशी आपले पाणी जुळवले की अर्धी लढाई जिंकली. अडचण अशी की ‘पंधरा दिवसांतून एकदा’ यासारखा नियम पाळायला सोपा असतो आणि रोपाला तो काहीच सांगत नाही. वारा आणि ऊन असलेल्या पंधरवड्यात तीच कुंडी चार दिवसांत वाळते, तर ढगाळ, दमट पंधरवड्यात ती पुढच्या पाण्यापर्यंतही वाफशावर येत नाही.

मी यासाठी वजनाचा आधार घेतो आणि प्रत्येकाने तो घ्यावा असे मनापासून सुचवतो. रोप लावल्यावर माती पूर्ण कोरडी असताना कुंडीचे वजन करून ते कुंडीवरच्या पट्टीवर लिहावे. पहिले पाणी देऊन निथळल्यावर पुन्हा वजन करावे. माझ्याकडे एका कुंडीवर ‘कोरडी ६४० ग्रॅम, ओली ७९० ग्रॅम’ असे लिहिलेले आहे. पाण्याचा विचार मनात आला की आधी कुंडी काट्यावर ठेवायची. आकडा ६४० च्या जवळ येऊन निदान चार-पाच दिवस तिथेच टिकला असेल, तरच पाणी. रोप पाणी साठवत असल्यामुळे आणि हळूहळू वाढत असल्यामुळे कोरडे वजन वर्षागणिक थोडे बदलते, म्हणून वर्षातून एकदा ते नव्याने लिहावे. काटा नसेल तर बांबूची एक पातळ काडी कुंडीच्या काठाशी तळापर्यंत खुपसून ठेवावी आणि बाहेर काढून गालाला लावून पाहावी. गालाला गारवा लागला तर आत ओल आहे. वरच्या खडीत बोट घालून केलेला अंदाज मात्र कामाचा नाही, कारण वरची खडी नेहमी सर्वांत आधी वाळते.

पाणी देताना ते भरपूर आणि कुंडीच्या काठाकडून द्यावे, मधल्या लोकरीत साचू देऊ नये. थोडे थोडे शिंपडणे टाळावे. शिंपडलेल्या पाण्याने वरचा थर आणि मान ओली राहते, बारीक मुळे मात्र कोरडीच राहतात. म्हणजे जिथे ओल नको तिथे ती मिळते आणि जिथे हवी तिथे मिळत नाही.

रात्रीच्या तापमानाकडेही पाहावे लागते. इतर निवडुंगांप्रमाणे एरिओकार्पसही ज्याला वनस्पतिशास्त्रात कॅम म्हणतात त्या पद्धतीने जगतो. दिवसा त्याच्या त्वचेवरील रंध्रे मिटलेली असतात आणि तो रात्री ती उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतो. रात्र पुरेशी थंड असेल तर हे काम नीट चालते. अतिशय उष्ण, वारा नसलेल्या रात्री सलग आल्या की रोप कामकाज आवरते घेते, मुळांची पाण्याची गरज घटते, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण ‘इतके ऊन आहे’ म्हणून पाणी वाढवतो. वहीतल्या तारखा तपासल्या तेव्हा माझे पहिले रोप जाण्याच्या पाच आठवडे आधीच्या नोंदीत असेच एक पाणी सापडले. दिवसा प्रखर ऊन होते, रात्री हवा हलत नव्हती, आणि रोप आकसलेले दिसले म्हणून मी त्याला ठरलेल्या वेळेच्या आधीच पाणी घातले होते. अशा दिवसांत पाणी थांबवावे, थोडी सावली द्यावी, आणि रात्रीची हवा उतरू लागली की पुन्हा सुरुवात करावी.

थंडीच्या काळात पाणी पूर्ण बंद ठेवावे. पूर्ण कोरड्या मातीतले प्रौढ रोप बऱ्यापैकी थंडी सोसते, ओल्या मातीतले सोसत नाही. या काळात तारका खाली बसेल, उंचवटे फिकट पडतील, मध्यभाग मिटल्यासारखा होईल. तसे होऊ द्यावे. वसंतातले पहिले पाणी निम्मे द्यावे, आठवडाभर वाट पाहावी, आणि उंचवटे भरू लागले तरच पुढचे पाणी पूर्ण द्यावे.

कुजेसारखे दिसणारे इतर प्रकार

एका बाजूचे उंचवटे पांढरट किंवा तांबूस होऊन कडक झाले तर तो उन्हाचा चट्टा असतो. तो जात नाही, पण पसरतही नाही. मध्यभागाजवळ गंजासारखी बारीक तपकिरी छटा पसरत असेल तर भिंगाने लाल कोळी, म्हणजे रस शोषणारी सूक्ष्म कीड, शोधावा. सर्वांत खालचे जुने उंचवटे वाळून कागदासारखे होणे तर स्वाभाविकच आहे. ते ओढून काढू नयेत, कारण त्या जखमा मानेच्या अगदी जवळ पडतात. लोकरीत लपलेले पिठ्या ढेकूण फुलांच्या हंगामात सहज नजरेतून सुटतात, म्हणून फूल सुकल्यावर त्याचे अवशेष चिमट्याने हलकेच काढून लोकर पाहून घ्यावी.

रोप कोठून आले याचाही विचार करावा

काही रोपे घरी येतानाच कुजेची बीजे घेऊन येतात. पेरेस्किओप्सिस या वेगाने वाढणाऱ्या दुसऱ्या निवडुंगावर कलम करून वेगाने वाढवलेले आणि मग कापून वेगळे केलेले रोप फुगीर, पाण्याने भरलेले असते. त्याला स्वतःचे सोटमूळ नसते आणि साधारण पाण्यानेही ते कुजते. अशा रोपाला पहिली दोन वर्षे नेहमीपेक्षा कमी पाणी द्यावे आणि ते बसके होण्याची वाट पाहावी.

त्याहून गंभीर बाब निसर्गातून उपटलेल्या रोपांची आहे. संपूर्ण एरिओकार्पस वंश साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे निसर्गातून काढलेल्या रोपांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला मनाई आहे. तरीही चोरी होते, आणि उपटताना सोटमूळ तुटलेली ही रोपे बहुतेकदा नव्या मालकाकडे वर्ष-दोन वर्षांत कुजून जातात. ज्या वनस्पतीला फुलायला आठ-दहा वर्षे किंवा त्याहून जास्त लागतात, तिचे डोंगरावरचे जुने झाड असे संपणे मला अतिशय वेदनादायक वाटते. मोठे, खरबडीत, ओरखडे आणि मातीचे जुने डाग असलेले, मूळ आखूड कापलेले रोप कोणी देत असेल तर ते घेऊ नये. बीपासून वाढवलेले लहान रोप घ्यावे, त्याचे मूळ अखंड असते आणि ते आपल्या हवेत वाढलेले असते.

बीपासून स्वतः वाढवत असल्यास एक सावधगिरी बाळगावी: वरचे सगळे कोरडेपणाचे नियम पहिल्या वर्षाच्या रोपांना लागू होत नाहीत. त्यांच्यात अजून साठवण नसते. ती पूर्ण कोरडी पडली तर आठवड्यात मरतात. त्यांची माती सतत किंचित ओलसर ठेवावी आणि ती झाकून ठेवलेली असल्यास हवा हळूहळू, काही महिन्यांत मोकळी करावी. लहान रोपे एका दिशेने पटापट आडवी पडू लागली तर बुरशी, आणि खालून पोखरलेली आढळली तर ओल्या मातीत वाढणाऱ्या बारीक काळ्या माश्यांच्या अळ्या, असे समजून त्या भागातली रोपे ताबडतोब वेगळी काढावीत.

वाचवलेल्या रोपाचे पहिले पाणी

खपली धरलेली तारका कोरड्या, धुतलेल्या प्युमिसवर फक्त टेकवून ठेवावी, पुरू नये. उजेड भरपूर असावा, थेट प्रखर ऊन नसावे. दोन-तीन आठवड्यांनी कुंडीच्या काठाशी थोडेसे पाणी सोडावे, इतकेच की ओल तळाशी राहील आणि खपली कोरडी राहील. मुळे त्या ओलीच्या शोधात खाली येतात. पुढे प्रत्येक वेळी काडी कोरडी निघाल्यावरच तेवढे पाणी द्यावे. या काळात तारका आणखी आकसेल, कडेचे एखादे-दोन उंचवटे वाळतील, आणि उचलून पाहण्याचा मोह रोज होईल. उचलू नये, कारण नव्या मुळाचे टोक दोऱ्याइतके बारीक असते आणि एका हिसक्यात तुटते. महिन्यातून एकदा तोच हलका पीळ देऊन पाहावा. मुळे यायला काही रोपांना दोन महिने लागतात, काहींना संपूर्ण हंगाम. माझ्या एका रोपाने तेरा महिने घेतले. ज्या दिवशी तारका बोटांखाली फिरायची थांबते आणि मधल्या जुन्या, मळकट लोकरीत शुभ्र लोकरीचा एक नवा ठिपका दिसतो, त्या दिवशी कुंडीचे वजन करून पट्टीवर नवी तारीख लिहावी आणि पहिले पूर्ण पाणी द्यावे.